भरून परत द्यायचे डबे

आत्या,

तू गेल्यापासून आपल्या ओट्यावर दुसऱ्यांचे डबे साठले आहेत. पहिल्या दिवसापासून कॉलनीतल्या बायका पिठलं, भात, पोळ्या असं काही ना काही आणून ठेवत होत्या. घरात असं काही झालं की देवासच्या ह्या कॉलनीत कुणी विचारत बसत नाही, आणून ठेवतात आणि आल्या पावली परत जातात. आता तेरावं झालं. डबे घासूनपुसून ठेवले आहेत, प्रत्येकाच्या झाकणावर नाव कोरलेलं. आणि ते परत कसे द्यायचे ह्यावरून आई आणि जिजी ह्यांच्यात वाद चालला आहे. तुमच्या धारच्या काकू अजून आपल्याकडेच आहेत. बाबा त्यांना जिजी म्हणतात म्हणून आम्हीही म्हणतो.

"आपल्या घरातून रिकामा डबा कधी गेलेला नाही," जिजी म्हणतात. "निदान चिमूटभर साखर तरी."

"दुःखाच्या घरातून साखर कशी देणार, जिजी? आमच्याकडे धुऊन रिकामाच देतात." आईचं 'आमच्याकडे' म्हणजे नाशिककडे.

"तुमच्याकडे देत असतील. ही धार आहे."

"हे देवास आहे, जिजी."

मी ताटं पुसत ऐकत होते. मला हसू आलं, आणि ते कुणाला दाखवावं म्हणून मी सवयीनं तुझ्या खुर्चीकडे पाहिलं.

ह्या सगळ्यात डॉ. सक्सेनांचा फोन आला. तुझ्याबरोबर इतकी वर्षं काम केलेले ते, भेटायला आले तेव्हा कामाचं काहीच बोलले नव्हते. बहुतेक बाबांसमोर विषय काढायला संकोचले. फोनवर त्यांनी आधी आईची चौकशी केली, मग घसा साफ केला. "बेटा, वो आख़िरी राउंड का क्या करें?"

शेवटची फेरी म्हणजे काय, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. ज्या बायकांना मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो त्यांना तू बरं केलंस, आणि काही महिन्यांनी त्यांचेच नमुने पुन्हा तपासायचे होते. संसर्ग खरंच गेला का? परत आला असेल तर जंतू तोच की नवा? त्याच्यावर कोणतं औषध अजून चालतं? तुझ्या सगळ्या कामाचं उत्तर ह्या फेरीत होतं. धारचे नमुने तू घेऊन ठेवले होतेस. देवासचे राहिले. महिनाअखेरीपर्यंत ते आले नाहीत तर अभ्यास अर्धवट म्हणून बंद होईल, असं डॉक्टर म्हणाले. नर्स पाठवता येईल, पण "ये औरतें उसे दरवाज़े से ही लौटा देंगी. इनको मैडम की आदत थी. तुम पूछोगी?"

"देखती हूँ," मी म्हणाले.

माझ्या 'देखती हूँ'चा अर्थ काय असतो, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे!

तू मला ह्या कामात ओढलंस तेव्हा मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि प्रयोगशाळेच्या खोलीबाहेर यावं लागणार नाही अशी नोकरी शोधत होते. जंतू बोलत नाहीत, हा मला त्यांचा सगळ्यात मोठा गुण वाटायचा. तू म्हणालीस, "जंतू बोलत नाहीत, पण ते ज्यांच्या पोटात असतात त्या बायका बोलतात. चल." मी त्या बायकांसाठी इंग्रजीत एक छान प्रश्नावली बनवली. मोबाइलवर बोटानं खूण केली की झालं, कुणाला तोंड उघडायला नको. तू ती नीट वाचलीस, कौतुक केलंस आणि म्हणालीस, "सुंदर आहे. आता ह्यातला पहिला प्रश्न मला मराठीत विचार."

मला विचारता येईना. शाळेत आम्ही करंगळी वर करून टीचरना सगळ्या वर्गासमोर 'टॉयलेट' म्हणायचो, त्यात कधी काही वाटलं नाही. तीच गोष्ट आईच्या वयाच्या बाईला, तिच्याच घरात बसून, घरच्या भाषेत विचारायची म्हटली की माझ्या कानांच्या पाळ्या तापायच्या.

मग ती धारच्या रस्त्यावरची शिकवणी. गाडीत पुढे ड्रायव्हर जगदीश भिया, मागे आपण दोघी.

"काचा वर आहेत. म्हण."

"लघवी."

"इंजिनाच्या आवाजात गेलं. पुन्हा."

"लघवी!"

"आता काच खाली करून."

"आत्या, प्लीज."

जगदीश भिया आरशातून बघत म्हणाला, "बोल दो नी दीदी, इसमें कायकी शरम? सबको लगती है."

मी काच खाली केली आणि म्हणाले. शेजारून जाणाऱ्या मोटरसायकलवाल्यानं वळून पाहिलं. तू त्याला हात जोडून नमस्कार केलास. त्या दिवशी धार येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही, आणि तू धार येईपर्यंत हसत होतीस.

एवढं करून परीक्षेच्या वेळी मी नापासच झाले. संक्रांतीचं आईचं हळदीकुंकू होतं. तुला एका पेशंटसाठी धारला थांबावं लागलं, म्हणून तू बाटल्यांचा खोका माझ्यावर सोपवलास. निर्जंतुक बाटल्या, रुंद तोंडाच्या, लाल झाकणाच्या, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. तू बजावलं होतंस, सगळ्या एका जागी येणार आहेत, प्रत्येकीला नीट समजावून सांग. आईनं हळदीकुंकू लावलं, वाण म्हणून गाळणी दिली, आणि तिच्या पाठोपाठ मी प्रत्येकीच्या हातात एक बाटली ठेवत गेले. काय म्हणाले, तर "आत्यानं दिलीय. उद्या भरून द्यायची." आणि मसाल्याचं दूध बघायच्या निमित्तानं आत पळाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या परत आल्या. एकही राहिली नाही. संध्याकाळी तू बर्फाची पेटी घेऊन आलीस आणि खूश झालीस. इतका प्रतिसाद म्हणजे कमालच! मग तू पहिलं झाकण उघडलंस. तिळगूळ. दुसरं उघडलंस. साखर. तिसरीत काटेरी हलवा. डॉक्टरीणबाईंनी वाणाची बाटली दिली, भरून परत मागितली, तर आपल्या बायका ती रिकामी कशी देतील? पलीकडच्या शिंदेकाकूंच्या बाटलीत तर हिरव्या मिरचीचं लोणचं होतं, तोंडापर्यंत दाबलेलं.

ती बाटली तू प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीसारखी दिव्यापुढे धरलीस. "नमुना गढूळ आहे. वर तेलाचा तवंग. जळजळीचं कारण सापडलं म्हणायचं!"

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. तू एक तिळगूळ तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "निर्जंतुक आहे, खा."

पुढच्या दुपारी तू मला घेऊन शिंदेकाकूंच्या अंगणात गेलीस. सगळ्या जमल्या होत्या. तू एका वाक्यात सांगितलंस की बाटलीत काय हवं होतं. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि शिंदेकाकू कडाडल्या, "अहो डॉक्टरबाई, मग तसं सांगायचं ना! बाटली लहान दिसली म्हणून मी आपली दाबून दाबून भरत बसले."

अख्खं अंगण हसायला लागलं. त्या हसण्यानं जे झालं ते माझ्या प्रश्नावलीनं कधी झालं नसतं. बायका एकेक करून बोलायला लागल्या. मला उन्हाळी लागते, जाताना जळजळतं, मलापण, माझ्या सुनेलापण. तू विचारलंस, "पौषात कसली आलीय उन्हाळी?" आणि मग समजावलंस की ही उष्णता नाही, हा संसर्ग आहे, आपल्याच आतड्यातले जंतू चुकून शेजारच्या वाटेला लागतात, त्यात कुणाच्या चारित्र्याचा काही संबंध नाही. हे शेवटचं वाक्य तू मुद्दाम सावकाश म्हणालीस. कोपऱ्यात बसलेल्या एका नव्या सुनेनं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली, हे मी पाहिलं. धन्याचं पाणी प्यावं का, असं कुणीतरी विचारलं. मला वाटलं तू नाही म्हणशील. तू म्हणालीस, "प्या की. त्या निमित्तानं पाणी तरी पोटात जाईल. पण ताप आला, पाठ दुखली, तर धने ठेवा आणि माझ्याकडे या."

ही लोणच्याची गोष्ट तू पुढे प्रत्येक सभेत सांगितलीस. नाव कधी घेतलं नाहीस, 'माझी सहायक' म्हणायचीस, आणि तेवढ्यात मी छताचा पंखा निरखायला लागायचे, त्यामुळे सगळ्यांना कळायचंच.

पण एकदा मीही तुला पकडलं होतं, ते तू कोणत्याच सभेत सांगितलं नाहीस. बदनावरच्या मंडीत सोयाबीन चाळणाऱ्या बायकांना तू घसा कोरडा होईपर्यंत सांगायचीस, पाणी प्या, रोखून धरू नका. आणि गाडीच्या दारातली तुझी स्वतःची पाण्याची बाटली सकाळी जितकी भरलेली असायची तितकीच परतताना असायची. मी बरेच दिवस बघत होते. एकदा परतीच्या वाटेवर म्हणाले, "आत्या, बाटली."

"काय बाटली?"

"भरलेलीच आहे."

जगदीश भियानं आरशातून आधी माझ्याकडे, मग तुझ्याकडे पाहिलं. तू बाटली उचलून पाहिलीस, आणि असं काही हसलीस की डोळे पुसावे लागले. "बदनावर ते धार, मध्ये जायचं कुठे, सांग ना! डॉक्टर झाले म्हणून काय रस्त्यावर सोय झाली?" मग तू अर्धी बाटली एका दमात संपवलीस आणि पुढच्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवायला लावलीस. तिथलं बायकांचं दार कुलूपबंद. तू मॅनेजरकडे जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात किल्ली मागितलीस, जाऊन आलीस, आणि किल्ली परत देताना त्याला नळ गळतो, आतली कडी लागत नाही आणि किल्ली बाईला मागावी लागते तिथे बाई थांबत नाही, हे तिन्ही सांगितलंस. पुढच्या खेपेला आपली गाडी वळताना दिसली तशी त्यानं लांबूनच किल्ली हलवून दाखवली. त्यानंतरच्या खेपेला कुलूप नव्हतं. जगदीश भिया अजून त्या पंपाला 'मैडम का पंप' म्हणतो.

आपलं एक भांडण मात्र तसंच राहिलं आहे. संगीतावरून झालेलं.

संगीता आपल्या मागच्या गल्लीतली, एका कारखान्यात पॅकिंगला. तिला हुडहुडी भरून ताप आला, पाठ दुखायला लागली, तेव्हा तिला तुझ्याकडे आणलं. दर वेळी मेडिकलवाल्याकडून दोन-चार गोळ्या घ्यायच्या, जळजळ थांबली की थांबवायच्या, असं तिनं कितीदा केलं होतं ते तिलाही आठवत नव्हतं. तिच्या नमुन्याची थाळी मीच तुझ्यापुढे धरली. औषधाच्या चकतीभोवती जंतू मेले की स्वच्छ गोल कडं दिसतं. तिच्या थाळीवर जवळजवळ एकाही चकतीभोवती कडं नव्हतं. त्या दिवशी तू काही विनोद केला नाहीस. इंजेक्शनं सुरू केलीस आणि तिचा ताप उतरेपर्यंत तिच्याकडे जात राहिलीस.

ती बरी झाली. मग कळलं की ती कामावर दिवसभर पाणीच पीत नाही, कारण लाइन सोडून जायचं तर सुपरवायझरला विचारावं लागतं. आणि धारहून परतताना मी, जी कधी बोलत नाही ती, तुझ्यावर चिडले. कारण सगळ्यांना माहीत आहे, मी म्हणाले. तिला पाणी पिऊ द्या, तिला जाऊ द्या. त्यासाठी बाटल्या आणि थाळ्या कशाला?

तू म्हणालीस, "आणि आत्ता तिच्या पोटात जो जंतू आहे, त्याला सुपरवायझर बदलून काय कळणार?"

"मग फक्त जंतूच बदलत बसायचं का?"

"बायकांना त्रास होतो असं म्हटलं तर साहेब लोक म्हणतात, सगळ्याच म्हणतात. कागदावर दाखवलं तर निदान खुर्चीत नीट बसतात."

"ते खुर्चीत बसतात. ती उभीच राहते."

जगदीश भियानं गाण्याचा आवाज हळूच वाढवला. आपण देवास येईपर्यंत भांडलो. उतरताना तू म्हणालीस, "बोललीस की! उद्या पुढचं भांडू." आपण पुढचं भांडलो, त्याच्या पुढचंही, आणि संपवलं कधीच नाही. मला अजून वाटतं माझं अर्धं बरोबर होतं. आता तू उत्तर देत नाहीस, तर जिंकल्यासारखंही वाटत नाही. उलट तुझ्या बाजूची वाक्यं मलाच तयार करावी लागतात, आणि ती चांगली होतात, हा तर सरळ अन्याय आहे.

एक विचारायचं राहिलं. बाईला अवघड प्रश्न विचारून झाला की तू तिच्या तोंडाकडे बघायची नाहीस. मनगटावरचं घड्याळ काढून किल्ली द्यायला लागायचीस. तेवढ्यात ती बाई लाजून घ्यायची, सावरायची, आणि बोलायची. हे कुणी सांगून येत नाही, असं मला नेहमी वाटायचं. मला विचारायचं होतं, की तूसुद्धा कधी माझ्यासारखी होतीस का?

उत्तर परवा जिजींनी दिलं, न विचारता. तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "आमची मालू केवढी डॉक्टर झाली बघ. लहानपणी पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसायची. जेवायलासुद्धा उतरायची नाही. खालून ताट द्यावं लागायचं."

"आत्या?"

"मग कोण?"

मी तिथून उठले आणि पलंगाखालचा बाटल्यांचा खोका ओढला.

झाकणांवरची नावं तुझ्या यादीतलीच होती. काल सकाळी मी ओट्यावरच्या एकेका डब्यात एकेक बाटली ठेवली, पिशवीसकट, आणि झाकणं लावली. आईनं पाहिलं. "अगं, तेराव्याच्या डब्यात हे?"

"रिकामा द्यायचा नाही, आणि साखरही द्यायची नाही," मी म्हणाले. "दोघींचं राहिलं."

आईनं जिजींकडे पाहिलं. जिजींनी एक डबा उचलून हलवून बघितला. आत बाटली खुळखुळली. "रिकामा तर नाही," त्या म्हणाल्या. बाबा दारात उभे होते. तू गेल्यापासून ते धड बोललेही नव्हते. ते एकदम हसले. "अक्काची शिष्या शोभतेस," म्हणाले, आणि लगेच चष्मा पुसायला लागले.

मी पहिला डबा घेऊन शिंदेकाकूंकडे गेले. सगळ्यात अवघड दार आधी, हे तुझंच. शिंदेकाका व्हरांड्यात पेपर वाचत होते. काकूंनी डबा उघडला, बाटली पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"काकू, आत्याची शेवटची फेरी राहिलीय," मी म्हणाले. "उद्या सकाळची पहिली लघवी लागेल. आधीची थोडी जाऊ द्यायची, मधली धरायची. झाकणाला आतून हात लावायचा नाही. मी स्वतः येऊन नेईन. द्यायची नसेल तर नका देऊ, त्यात काही नाही."

आवाज गरजेपेक्षा मोठा लागला असावा, कारण शिंदेकाकांनी पेपराची घडी घातली आणि ते आत निघून गेले. माझे कान तापले होते. मी मनगटाकडे पाहिलं. माझ्याकडे घड्याळ नाही, म्हणून बांगडीच फिरवत राहिले.

"तुला बोलता येतं होय गं?" काकू म्हणाल्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बघू."

त्यांचं 'बघू' मला माझ्या 'देखती हूँ'सारखंच ऐकू आलं. तरी मी पुढच्या दारी गेले, त्याच्या पुढच्या. संगीता लगेच हो म्हणाली आणि सुपरवायझरला बाटली दाखवायची का, असंही तिनं विचारलं. एकीनं नको म्हटलं. बाकीच्यांनी 'बघू'च म्हटलं.

आज सकाळी मी निघायच्या आधीच बेल वाजली. दारात शिंदेकाकू. दोन्ही हात भरलेले.

"दोन वेगवेगळं आणलंय," त्या म्हणाल्या. "नीट बघून घे."

एका हातात लाल झाकणाची बाटली, पिशवीत गुंडाळलेली. दुसऱ्या हातात त्यांचा तोच डबा, नाव कोरलेला, आणि आत मिरचीचं लोणचं, तोंडापर्यंत दाबलेलं. त्यांच्या मागे, फाटकाशी, पदराखाली काहीतरी धरून संगीता उभी होती, आणि तिच्या मागे आणखी दोघी.

आत्या, मी नीट बघून घेतलं. बाटली बर्फाच्या पेटीत गेली आणि लोणचं ओट्यावर. डॉ. सक्सेनांना फोन केला आणि ह्या वेळी 'देखती हूँ' म्हणाले नाही.

काकूंचा डबा पुन्हा आपल्याकडेच आला आहे. आता तो रिकामा देता यायचा नाही.